वाघिणीवर बसून जाणारी माणसं

मनमाडचा_पोऱ्या (धागाकर्ता)

लहानपणी मनमाडला आमचा एक बिनपैशाचा खेळ होता. मालगाडी आली की फाटकाशी उभं राहून वाघिणी मोजायच्या. कोळशाची बॉक्सएन गाडी असेल तर ५८ आणि शेवटी गार्डचा डबा. ५७ भरल्या तर भांडण. 'वाघीण' म्हणजे वॅगनच, हे बरंच उशिरा कळलं. तोवर मला खरंच वाटायचं की रेल्वेतल्या कुणीतरी या काळ्या धुडांना प्रेमाने वाघीण म्हटलं असणार.

आता कॅलिफोर्नियात रोझव्हिलजवळ राहतो. घरापासून दहा मिनिटांवर युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं जे. आर. डेव्हिस यार्ड आहे, पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं. इथेही मोजायला जातो, पण शंभराच्या पुढे हिशेब चुकतो. दोन-दोन मैलांच्या गाड्या असतात, मध्येच आणि शेवटीही इंजिनं लावलेली. गार्डचा डबा कधीच गेला. त्याच्या जागी शेवटच्या वाघिणीला एक लुकलुकणारा दिवा अडकवतात.

गेल्या ऑक्टोबरात घरचं वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून नाणी टाकून कपडे धुतात त्या दुकानात गेलो. शेजारच्या बाकावर एक पोरगा होता, पंचविशीचा असेल. पायाशी कुत्रं. पँटला इतकी ठिगळं की मूळ कापड शोधावं लागावं, आणि ती ठिगळं दात साफ करायच्या दोऱ्याने शिवलेली. (तो दोरा सुतापेक्षा टिकतो म्हणे.) अंगाला डिझेलचा वास. मला तो वास ओळखीचा, म्हणून मीच बोलायला सुरुवात केली. "तुमचं घर कुठे" असं विचारल्यावर त्याने यार्डाकडे मान हलवली आणि हसला.

तो मालगाड्यांवरून फिरणारा निघाला. अमेरिकेत ही माणसं अजून आहेत हे मला ऐकून माहीत होतं, समोर पहिल्यांदा बघितलं. माझी दोन मशीनं आणि त्याचं एक, एवढ्या वेळात जे कळलं आणि नंतर वाचून, इथल्या जुन्या रेल्वेवाल्यांना विचारून जे पक्कं केलं, ते लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे हे लोक स्वतःला हल्ली 'होबो' क्वचितच म्हणवतात. तो शब्द आजोबांच्या पिढीचा. जुनी फोड अशी की होबो म्हणजे कामासाठी भटकणारा, ट्रॅम्प म्हणजे भटकणारा पण काम न करणारा, आणि बम म्हणजे दोन्ही न करणारा. आताची पोरं स्वतःला 'डर्टी किड्स' म्हणतात किंवा नुसतं 'ट्रॅव्हलर'. बरीचशी पंक संगीताच्या वर्तुळातून आलेली. गाडी पकडण्याला 'कॅच आउट' म्हणतात, रेल्वे पोलिसाला 'बुल', आणि यार्डाजवळच्या झाडीत जिथे वाट बघत बसायचं त्या जागेला 'जंगल'. कुणी वारला तर 'त्याने पश्चिमेची गाडी पकडली' म्हणतात. हा वाक्प्रचार ऐकताना अंगावर काटा आला. आपल्याकडे वाट दक्षिणेची असते, एवढाच फरक.

मला वाटायचं यात सगळा थरार. धावत्या गाडीला लटकायचं, टपावरून पळायचं, सिनेमातलं. तो म्हणाला, धावती गाडी पकडणारे एक तर नवखे असतात, नाही तर एका पायाचे. शहाणा माणूस थांबलेल्या गाडीतच चढतो, आणि गाडी थांबेपर्यंत बसून राहतो. कधी सहा तास, कधी तीन दिवस. इथल्या कायद्याने चालकाला बारा तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणून ठरावीक ठिकाणी गाडी थांबवून माणसं बदलावी लागतात. ही ठिकाणं कोणती, याची एक झेरॉक्स पुस्तिका १९८० च्या दशकाच्या शेवटापासून हातोहात फिरते. 'क्रू चेंज गाइड' म्हणतात तिला. विकायची नाही, इंटरनेटवर टाकायची नाही, ज्याच्यावर भरवसा त्यालाच द्यायची असा अलिखित नियम. अर्थात नेटवर फुटलीच. फोनवर नकाशा आला, खिशात रेडिओ स्कॅनर आला, पण पुस्तिकेचा मान अजून आहे. मी "बघू" म्हटलं तर त्याने ऐकलंच नाही असं केलं.

बसायचं कुठे? बंद डब्यात बसायचे दिवस गेले. आता माल कंटेनरांत जातो, मोटारी जाळीबंद वाघिणींत जातात. उरते ती धान्याची हॉपर वाघीण. तिच्या टोकाला एक ओटा असतो, आपल्या ओसरीएवढा, आणि त्याच्या मागे काही वाघिणींना एक भोक, माणूस गुडघे पोटाशी घेऊन मावेल इतकं. दुसरी जागा म्हणजे कंटेनरच्या खोल वाघिणीतली, कंटेनर आणि भिंत यांच्यामधली फट. पण त्यातल्या काहींना तळच नसतो, नुसत्या आडव्या पट्ट्या, खाली रूळ पळताना दिसतात. त्यांना ही मंडळी सरळ 'आत्महत्या' म्हणतात.

त्याचा बेत डोनर खिंडीतून नेवाडाला जायचा होता. रोझव्हिल जवळजवळ समुद्रसपाटीला आणि खिंड २१०० मीटरवर. ऑक्टोबरात रात्री वर गोठणबिंदू. मी विचारलं, थंडीचं काय? म्हणाला, पुठ्ठा. स्लीपिंग बॅगेच्या खाली पुठ्ठा नसेल तर लोखंड तुमची ऊब शोषून घेतं. पाण्याचा गॅलनचा कॅन, पुठ्ठा आणि कानात घालायचे बोळे, या तीन गोष्टींशिवाय तो चढत नाही. कुत्र्याच्या कानांचं काय, हे विचारायचं राहिलं.

वाळवणी संपली, तो उठला. मी दहा डॉलर पुढे केले, ते त्याने घेतले. बिस्किटांचा पुडा मात्र परत केला. वजन होतं म्हणाला.

मी स्वतः कधी चढलो नाही, चढणार नाही, आणि कुणी चढावं असं मुळीच म्हणत नाही. पण त्या दिवसापासून वाघिणी मोजताना मी ओटे बघतो.

---

चहाटळ_चिंतू

आमच्या डोंबिवलीत याला 'विदाउट' म्हणतात आणि कुठल्याही पुस्तिकेची गरज पडत नाही. टीसी कुठल्या डब्यात आहे हे सगळ्यांना जन्मतः कळतं.

बाकी लेख फक्कड. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

---

रुळावरचा_माणूस

मी ३४ वर्षं भुसावळ विभागात काढली, निम्मी यार्डात. पोऱ्या, छान लिहिलं आहेस, पण दोन गोष्टी सांगतो.

एक. हे अमेरिकेत जमतं आणि आपल्याकडे का जमत नाही? डोक्यावरची तार. अमेरिकेत मालगाड्या जवळजवळ सगळ्या डिझेलवर, वर मोकळं आकाश. आपल्याकडे २५,००० व्होल्ट. त्या तारेला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. उभ्या टँकरवर सेल्फी काढायला चढलेली पोरं मी पाहिली आहेत. पुढचं लिहीत नाही. टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ खाली गुन्हा आहे, तीन महिने कैद किंवा ५०० रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा असून लोक बसायचे. तारेनं जे केलं ते कलमाला जमलं नाही.

दोन. तू धक्क्याबद्दल लिहिलं नाहीस. मालगाडी सुटते तेव्हा सगळी एकदम सुटत नाही. प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील असते. इंजिन ओढतं, पहिली वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी, आणि तो गडगडाट मागे मागे धावत येतो. दोन मैलांच्या गाडीत शेवटच्या वाघिणीला तो झटका कसा बसत असेल याचा विचार कर. ओट्यावर उभा असलेला माणूस सरळ खाली. आम्ही शंटिंगच्या पोऱ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. उभी गाडी मेलेली नसते.

---

मेघना_ह्यूस्टन

लेखाची भाषा आवडली. तरीही एक खटकलं, ते बोलते.

ठिगळांच्या पँटवाला, कुत्रा, पुठ्ठा हे सगळं वाचायला गोड आहे, कारण त्या मुलाला कधीही उतरता येतं. आईबापांना फोन केला की विमानाचं तिकीट येईल. सगळ्यांचं तसं नसेल, बरेच जण घरातून पळालेले असतात हे मला माहीत आहे. पण याच खंडात, थोडं दक्षिणेला, मालगाडीवर बसणाऱ्यांना 'संस्कृती' वगैरे कुणी म्हणत नाही.

मेक्सिकोतल्या त्या गाड्यांना 'ला बेस्तिया' म्हणतात, म्हणजे श्वापद. (तुमच्या वाघिणीशी नातं लागतं बघा.) ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोरची माणसं दक्षिणेकडून चढतात आणि अमेरिकेच्या सीमेपर्यंत टपावर बसून जातात. बायका, लहान मुलं. झोप लागली की पडतात. टोळ्या टपावर चढून पैसे मागतात, नाही दिले तर ढकलतात. २०१४ नंतर मेक्सिकोच्या सरकारने लोकांना गाडीवरून उतरवायची मोहीम काढली, तेव्हा बरेच जण चालत, आणखी आडवाटेने जायला लागले. तरी गाडी बंद पडली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये टपांवर इतकी माणसं झाली की फेरोमेक्स कंपनीने ६० गाड्या थांबवून ठेवल्या.

मी ह्यूस्टनला एका मदत केंद्रात शनिवारी दुभाषाचं काम करते. तिथे एका बाईंनी सांगितलेलं सांगते. वेराक्रूझ राज्यात कोर्दोबा शहराजवळ ला पात्रोना नावाची वस्ती आहे, रुळाला लागून. १९९५ मध्ये तिथल्या दोघी बहिणी दूध-पाव घेऊन घरी येत होत्या. फाटकाशी गाडी जात होती, टपावरून माणसं ओरडली, भूक लागलीय. त्यांनी हातातलं सगळं वर फेकलं. घरी आईचा ओरडा बसेल म्हणून घाबरत गेल्या, तर आई म्हणाली, उद्या जास्त शिजवू. तेव्हापासून त्या वस्तीतल्या बायका रोज भात आणि घेवडा शिजवतात, पिशव्या भरतात, आणि गाडीचा भोंगा ऐकला की रुळाकडे पळतात. पाण्याच्या दोन बाटल्या एका दोरीने बांधतात, म्हणजे धावत्या गाडीतून हाताला दोरी अडकली तरी पकडता येते. लास पात्रोनास म्हणून त्या ओळखल्या जातात. २०१३ मध्ये मेक्सिकोचा राष्ट्रीय मानवाधिकार पुरस्कार त्यांना मिळाला.

त्या बाई म्हणाल्या, पिशवी अंगावर पडली तेव्हा आधी वाटलं कुणी दगड मारला.

---

मनमाडचा_पोऱ्या (धागाकर्ता)

@मेघना, मान्य. मी त्या पोराला बघून हरखलो, हे खरं आहे. माझ्यासारखा, ज्याचा व्हिसा, हप्ते, पोराची शाळा सगळं एकमेकांना बांधलेलं आहे, तो असल्या माणसाकडे जरा जास्तच प्रेमाने बघतो. दोरीने बांधलेल्या बाटल्यांचं वाचून मूळ लेख पुन्हा वाचला तर हलका वाटला.

एवढंच म्हणेन की तो उतरू शकतो हे त्यालाही माहीत होतं. स्वतःच म्हणाला होता, "आम्ही पर्यटक. खरे प्रवासी दक्षिणेकडून येतात."

@रुळावरचा_माणूस, काका, धक्क्याचं राहिलंच होतं. तो शब्द त्याने वापरला होता, 'स्लॅक'. आणि हो, तो कधीही उभा राहत नाही म्हणाला.

---

इतिहासवेडा

थोडी भर.

आज हे हौसेचं वाटतं, पण १९३० च्या महामंदीत हा लोंढा होता. सदर्न पॅसिफिक या एकाच कंपनीने १९३२ या एका वर्षात ६,८३,४५७ जणांना आपल्या गाड्यांवरून उतरवलं. आणि गंमत बघा, धागाकर्त्याच्या घराजवळचं रोझव्हिल यार्ड तेव्हा याच सदर्न पॅसिफिकचं होतं, १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकने ती कंपनी गिळली. म्हणजे त्या पोराचं 'जंगल' कदाचित त्याच झाडीत असेल.

तेव्हाही गाडीवर सगळे सारखे नव्हते. मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीवर गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. पुढच्या ठिकाणी गाडी अडवली, नऊ काळ्या मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवला आणि दोन आठवड्यांत आठ जणांना फाशी सुनावली. स्कॉट्सबरो खटला तो. फाशी झाली नाही, पण वर्षानुवर्षं तुरुंगात सडले. आजच्या फोटोंमध्येही बहुतेक चेहरे गोरेच दिसतात, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जाता जाता. आयोवात ब्रिट नावाच्या छोट्या गावात १९०० सालापासून होबोंचं संमेलन भरतं. ऑगस्टात. राजा-राणी निवडतात, मोठ्या हंड्यात रस्सा शिजवतात, म्युझियम आहे, आणि स्मशानात होबोंसाठी राखीव कोपराही आहे. आपल्या गावजत्रेसारखंच, देव तेवढा नाही.

इंटरनेटवर 'होबोंची गुप्त चिन्हं' म्हणून जो तक्ता फिरतो (मांजर म्हणजे दयाळू बाई वगैरे), त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तितकं पद्धतशीर काही चालत होतं याचा पुरावा फार तोकडा आहे. वाघिणींवर खडूने नाव आणि छोटं चित्र काढायची रीत मात्र खरी, अजून चालू आहे. त्यात रेल्वेचे कामगारही काढतात.

---

रिकामटेकडी

पोलिसांचं काय? पकडलं तर?

---

मनमाडचा_पोऱ्या (धागाकर्ता)

इथे प्रत्येक मोठ्या रेल्वे कंपनीचे स्वतःचे पोलीस असतात. खासगी कंपनीचे नोकर, पण अधिकार खऱ्या पोलिसांचे, बंदुकीसकट. ११ सप्टेंबर २००१ नंतर कडक झाले. बहुतेक वेळा हाकलून देतात किंवा अतिक्रमणाची चिठ्ठी फाडतात, दंड किंवा थोडे दिवस आत. बुलपेक्षा त्याला बोगद्यांची जास्त भीती वाटत होती. वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड बोगदा साडेबारा किलोमीटर लांब आहे, आत डिझेलचा धूर कोंडतो. ओला रुमाल नाकाला बांधून पडून राहायचं आणि प्रार्थना करायची, असं म्हणाला. मग म्हणाला, मी देव मानत नाही, फक्त त्या बोगद्यात मानतो.

आणि अनुभवी म्हणजे सुरक्षित असं काही नाही. 'स्टोब द होबो' या नावाने यूट्यूबवर प्रसिद्ध असलेला एक जण होता, वर्षानुवर्षं गाड्या पकडलेला, मध्येच कुणाच्या तरी पियानोवर बसून वाजवणारा. २०१७ मध्ये बाल्टिमोरकडे प्रवासी गाडीच्या धडकेत गेला.

---

खवचट_आजी

सगळं विचारलंस, पुठ्ठा विचारलास, बोगदा विचारलास. आईला फोन करतो का, हे विचारलंस का?

---

मनमाडचा_पोऱ्या (धागाकर्ता)

विचारलं नाही आजी. पण दुकानात त्याचा फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला होता आणि मध्ये दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्याने उठून बघितलं, उचलला नाही, आणि उलटा ठेवला.

---

चहाटळ_चिंतू

आजींनी धाग्याचा गळा धरला.

---

रुळावरचा_माणूस

गप्पा चालू आहेत म्हणून एक लिहितो, मग थांबतो.

८ मे २०२०. टाळेबंदी. जालन्याहून मजूर भुसावळकडे निघाले होते, तिथून मध्य प्रदेशात घरी जायला गाडी मिळेल या आशेनं. रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून रुळावरून चालत होते. औरंगाबादजवळ करमाडच्या अलीकडे थकले आणि रुळावरच झोपले. सगळ्या गाड्या बंद आहेत असंच देशाला वाटत होतं. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. पहाटे मालगाडी आली. १६ माणसं गेली. रुळांत चपात्या पडलेल्या होत्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला.

मी तेव्हा निवृत्त होतो. पण विभागातल्या एका जुन्या लोको पायलटचा रात्री फोन आला. तो त्या गाडीवर नव्हता. नुसताच फोन केला आणि बराच वेळ बोललाच नाही.

त्या माणसांना कुणी मालगाडीत बसू दिलं असतं, तर बसली असती.

---

मेघना_ह्यूस्टन

🙏

---

कोलाडचा_नितीन

दोन दिवसांनी लिहितोय, धागा खाली गेला असेल. पण आपल्याकडे मालगाडीवर बसून कायदेशीर जाणारी माणसं आहेत, ती कुणालाच कशी आठवली नाहीत?

कोकण रेल्वेची रो-रो. २६ जानेवारी १९९९ पासून आमच्या कोलाडहून गोव्यात वेर्ण्यापर्यंत. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवतात, चाकांना ठोकळे लावून साखळ्या घालतात, आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसून जातात. महामार्गाचे घाट, खड्डे, डिझेल सगळं वाचतं. अमेरिकेतल्या पोरांना सांगा, इथे पावती मिळते.

माझा मामा ट्रकवर होता. लादीचा माल घेऊन गोव्याला जायचा. आम्ही पोरं त्याला विचारायचो, मामा, पावसाळ्यात ट्रकमध्ये उंच बसून रत्नागिरीकडचे पूल, बोगदे, धबधबे बघायला काय मजा येत असेल! पनवलचा पूल वरून कसा दिसतो?

मामा म्हणायचा, "कोण बघतंय? हँडब्रेक ओढायचा, काच वर करायची आणि वेर्ण्यापर्यंत झोपायचं. एरवी मेली झोप मिळते कुठे."

---

मनमाडचा_पोऱ्या (धागाकर्ता)

@नितीन, मामांना विचार ना, एका रो-रोला वाघिणी किती असतात?

---

कोलाडचा_नितीन

विचारलं. म्हणतो, मोजायला जागा कोण होतं.